कण्यांची वाटी आणि अकोल्याची गाडी

सोनाजी पाईकरावांना सकाळपासून काही केल्या विनोदी सुचत नव्हतं, आणि हातातली कण्यांची वाटी निवत चालली होती.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं परक्या माणसाला वाटेल. डोंगरकड्याच्या त्या दोन खोल्यांच्या घरात मात्र विनोद नाही तर घास नाही, असा रोखठोक मामला होता. सोनाजींच्या बायकोला, पद्माबाईला, लकवा मारून गेला होता. डावी बाजू लुळी पडली, तोंड थोडं वाकडं झालं आणि जेवणावरची वासना पार उडाली. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, दूध घालून चमचा पुढं केला की ती दात मिटून घ्यायची. सोनाजींनी दटावून पाहिलं, विनवून पाहिलं, पुण्याला असलेल्या लेकाची, धम्मानंदची, शपथ घालून पाहिली. दात काही उघडेनात. शेवटी एके दिवशी वैतागून ते स्वतःशीच बडबडावं तशी गणपतीपुळ्याची जुनी गंमत सांगत बसले, आणि पद्माबाई हसली. हसली म्हणजे तोंड उघडलं. तोंड उघडलं तेवढ्यात सोनाजींनी चमचा आत सारला. तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

ही गणपतीपुळ्याची गंमत काय, तेही सांगायला हवं. सोनाजींनी सारी उमर हिंगोलीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरची नोकरी केली होती. म्हणजे काचेच्या खिडकीआड बसून, भोंग्यावरून "प्रवाशांनी लक्ष द्यावं" असं म्हणत त्यांनी दुनियेला गाडीत बसवून दिलं आणि संध्याकाळी स्वतः डोंगरकड्याची गाडी धरून घरी आले. नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, सगळी गावं त्यांना तोंडपाठ; पण गाडीच्या पाटीवरची. निवृत्त झाल्यावर एसटीचा पास मिळाला, नवराबायको दोघांचा. तेव्हा पद्माबाई म्हणाली, "लोकायला लई बसवून दिलं. आता मला बसवा."

आणि दोघं निघाली. भाकरी, ठेचा, पाण्याची कॅन आणि एक सतरंजी घेऊन दोघांनी निम्मा महाराष्ट्र पालथा घातला. अजिंठ्याला गाईड विजेरी मारून मारून लेणी समजावत होता, तर पद्माबाईनं त्याला विचारलं, "दादा, हे सगळं झाडून काढायला बाया किती लागत्यात?" गणपतीपुळ्याला तिनं समुद्राचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं, थुंकलं आणि म्हणाली, "येवढं पाणी, अन् चूळ भरायच्या बी कामाचं न्हाई. ठिवलं काहून मग?" नागपूरला दीक्षाभूमीवर मात्र ती इतकी गप्प झाली की सोनाजींना लिहायला काहीच मिळालं नाही, आणि त्यांनी तेही तसंच लिहून टाकलं.

हो, सोनाजी लिहायला लागले होते. साठी उलटल्यावर माणसं भजनाला लागतात, नाहीतर सुनेच्या मागे लागतात. सोनाजी लिहायच्या नादी लागले. हिंगोलीतून व्यंकटराव नावाचे गृहस्थ एक चारपानी साप्ताहिक काढायचे. त्याच्या तिसऱ्या पानावर "गाडी लागली आहे" या नावानं सोनाजींचं सदर सुरू झालं, आणि बघता बघता लोक अंक हातात पडला की आधी तिसरं पान उघडायला लागले. पद्माबाईला अक्षर येत नव्हतं. सोनाजी वाचून दाखवायचे आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. "माझं नाव पार गावभर केलं तुमी," असं म्हणायची, आणि पुन्हा वाचायला लावायची.

मग लकवा झाला. सदर बंद होणार हे उघडच होतं. पण घास भरवण्यासाठी रोज नवी गंमत लागायला लागली, आणि जुन्या गमती पंधरवड्यात संपल्या. तेव्हा सोनाजींनी नवे प्रवास मनानंच रचायला घेतले. टाइमटेबल डोक्यात होतं, पद्माबाई डोळ्यांसमोर होती. बाकीचं सुचत गेलं. त्यांनी तिला चिखलदऱ्याला घोड्यावर बसवलं. महाबळेश्वरला तिनं स्ट्रॉबेरी खाऊन "ही बोरं नासली हायेत" असं दुकानदाराला सुनावलं. आठवडाभरात जे चांगलं जमायचं ते कागदावर उतरायचं, पाकिटात जायचं, आणि पाकीट हिंगोलीला. तांड्यावरची जिवनबाई रोज सकाळी दूध घालायला यायची, पद्माबाईला अंघोळ घालायला हात लावायची, आणि जाताना पाकीट रस्त्यावर नेऊन फुलसिंग कंडक्टरच्या हाती द्यायची. लिखाण दर आठवड्याला हिंगोलीला जाऊन, छापून माघारी यायचं. लिहिणारा मात्र उंबऱ्याच्या आतच होता.

वाचकांना यातलं काही माहीत नव्हतं. व्यंकटरावांनाही नाही. डोंगरकड्याला मात्र सगळं ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या हॉटेलात अंक यायचा, पद्माबाई घोड्यावरून पडता पडता कशी राहिली हे वाचून लोक हसायचे, आणि तीच पद्माबाई चार घरं पलीकडं बाजेवर पडून आहे हे त्यांना रोज दिसत होतं. कुणी बाहेर एक शब्द काढला नाही. गाव एरवी कुणाचं काही झाकून ठेवणारं नव्हतं, म्हणून हे विशेष.

सोनाजी दमले होते. हे सरळच सांगितलेलं बरं. पद्माबाईला कुशीवर वळवणं, पाठीला पावडर लावणं, भांडं देणं, भांडं काढणं, चादरी धुणं, या सगळ्याचा शीण होताच. पण तो हातापायांचा होता. खरा शीण होता तो विनोदाचा. अंगात ताप असला तरी विनोद. धम्मानंदचा "या म्हयन्यात यायला जमत न्हाई" असा फोन शेजारी येऊन गेला तरी विनोद. ही बाई मुकाट्यानं जेवली असती तर मी किती गंभीर म्हातारा झालो असतो, असं त्यांना कधी कधी वाटायचं. कधी कधी त्यापुढचंही मनात यायचं, की आता बास, सुटावं एकदाचं. मग दिवसभर त्यांना स्वतःचीच लाज वाटत राहायची.

तर त्या सकाळी वाटी निवत होती आणि सोनाजी भिंतीकडं बघत होते. सगळे डेपो संपले होते.

"काहून, गाडी न्हाई का आज?" पद्माबाईनं विचारलं. तिचं बोलणं जड झालं होतं, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं.

"एसटी जिथं जिथं जाती तिथं तिथं तुला नेऊन आणलं. आता काय लंडनला नेऊ?"

"रेल्वेनं न्या की एकदा."

सोनाजी चमकले. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. एसटीच्या माणसाला रेल्वे म्हणजे सवतच. हिंगोलीवरून अकोल्याला जाणाऱ्या छोट्या लाइनीच्या गाडीला त्यांनी नोकरीभर नावं ठेवली होती. आणि असा तयार विषय पदरात असताना आपण चिखलदऱ्यापर्यंत घोडे शोधत गेलो, याचं त्यांना हसू आलं. पाठ ताठ झाली. वाटी खाली ठेवून ते उभेच राहिले.

"हिंगोली ठेसन," ते म्हणाले. "मास्तर आपला सदरा वाळत घालून राहिला. आपण इचारलं, साहेब, गाडी कव्हा? तो म्हणतो, सदरा वाळला का येती."

पद्माबाईचं तोंड उघडलं. चमचा गेला.

त्या दिवशी सोनाजींची गाडी जी सुटली ती थांबेचना. गाडी इतकी सावकाश की पद्माबाई कनेरगावच्या अलीकडं खाली उतरली, रुळांलगतच्या शेतातून हरभऱ्याचे डहाळे उपटून आली आणि त्याच डब्यात चढली. गार्ड गाडी थांबवून ओरडायला आला, तर तिनं त्याच्याही हातात एक जुडी दिली. मग गार्डानं हिरवा झेंडा काखेत मारला आणि तो घाटे सोलत तिच्याच बाकड्यावर टेकला. झेंडा काखेत, म्हणून गाडी जागची हलेना. ड्रायव्हर चौकशीला आला. त्यालाही डहाळे. वाशिम येईपर्यंत अर्धं शेत गाडीत होतं, आणि शेताचा मालकसुद्धा तिकीट काढून आत बसला होता. सोनाजींनी इंजिनाचा आवाज काढला, शिट्टी मारली. पद्माबाईच्या बाजेला धरून त्यांनी ती हलवली, डबा हलतो तशी. लिहायला बसले तेव्हाही ते मध्येच स्वतःशी हसत होते. असं बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. दोन दिवस घासूनपुसून त्यांनी लेख पुरा केला आणि जिवनबाईच्या हाती पाकीट दिलं. आपण आजवर लिहिलं त्यात हे सगळ्यात झकास, असं त्यांचं पक्कं मत होतं.

अंक छापून आला. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, ऐन दुपारच्या उन्हात, दारातून हाक आली.

"पाईकराव आहेत का घरात?"

व्यंकटराव होते. साप्ताहिकाचा मालक, संपादक आणि वाटप करणारा असा तिन्ही भार वाहणारा तो जाडसर माणूस रस्त्यापासून चालत आला होता, आणि घामानं निथळत होता. आजवर ते या घरी कधी आले नव्हते. हातात दोन अंक होते. आत न येताच त्यांनी सुरुवात केली.

"पाईकराव, तुम्ही अकोल्याला कोणत्या गाडीनं गेलात?"

"रेल्वेनं. लिवलं की."

"कोणत्या रेल्वेनं? छोटी लाइन बंद झाली. रूळ उखडायला लागलेत मोठ्या लाइनीसाठी. अख्खी हिंगोली शेवटच्या गाडीला निरोप द्यायला ठेसनावर गेली होती!" त्यांनी आधीचा अंक उघडून समोर धरला. पहिल्या पानावर हार घातलेल्या इंजिनाचा फोटो होता. "आपल्याच पेपरात! पहिल्या पानावर! तुम्ही पहिलं पान वाचत नाही?"

सोनाजी फोटोकडं बघत राहिले. घरात रेडिओ बंद पडला होता, दुसरा पेपर येत नव्हता. यायचा तो हाच, आणि तो ते थेट मधूनच उघडायचे. "म्या तिसरंच वाचतो," ते म्हणाले.

"आणि मी छापायच्या आधी तिसरं वाचत नाही," व्यंकटराव हताशपणे म्हणाले. "तुमचं आहे म्हणून डोळे झाकून लावतो. वाशिमहून वाचकाचं पत्र आलंय. स्टँडवर चहावाला मला विचारतो, काय साहेब, पाईकरावांना भुताची गाडी भेटली का? लोक म्हणतात, म्हातारा घरी बसून थापा..."

बोलता बोलता ते उंबऱ्याच्या आत आले होते, आणि बाज त्यांना आत्ता दिसली. बाजेवर पद्माबाई. उशाशी औषधं, खाली भांडं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी. व्यंकटरावांचं वाक्य तिथंच राहिलं. त्यांनी पायातल्या चपला बाहेर जाऊन काढल्या आणि परत आत आले.

"कधीपासून?"

"दोन उन्हाळे झाले."

व्यंकटरावांनी मनाशी मागचे अंक चाळले असावेत. "म्हणजे महाबळेश्वर... आणि तो चिखलदऱ्याचा घोडा?"

"त्यो बी," सोनाजी म्हणाले.

 मग बाजेवरून जड आवाज आला, "च्या ठिवा त्याहीला." सोनाजींनी चहा ठेवला. व्यंकटरावांनी तो मान खाली घालून घेतला. माणूस वाईट नव्हता. पेपर चालवायचा तर लोकांना तोंड द्यावं लागतं, एवढंच.

"आता काय छापू, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. "पाईकरावांचा खुलासा आणतो असं मी चार लोकांत बोलून बसलोय."

"छापा, सदर बंद म्हणून," सोनाजी म्हणाले. हे बोलायला त्यांना जराही वेळ लागला नाही, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं.

"तुमच्या हातचं लिहून द्या मग. दोन ओळी. पुढच्या अंकाला लावतो." व्यंकटराव उठले. दारात थांबून ते मागं वळले. "वहिनी, तो घोडा माझ्या घरी सगळ्यांना फार आवडला होता," असं म्हणून ते उन्हात निघून गेले.

सोनाजींना वाईट वाटायला हवं होतं. लाज तर वाटलीच. कोपऱ्यावरचं हॉटेल आठवून कानांच्या पाळ्या गरम झाल्या. पण त्या लाजेखाली पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं असं काहीतरी हलकं वाटत होतं. सुटलो. आता उद्या कुठं जायचं याचा विचार नाही, कुठल्या डेपोत काय घडवायचं याची चिंता नाही. त्यांनी दोन ओळी लिहिल्या, "आजपासून गाडी बंद," आणि कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग एकदम त्यांना कण्यांच्या वाटीची आठवण झाली. गाडी बंद, तर ही खाणार काय?

दिवेलागणीला कण्या शिजवून, दूध घालून ते बाजेपाशी बसले. सांगायला काही नव्हतं आणि रचायची ताकद नव्हती. चमचा भरून त्यांनी नुसता पुढं धरला आणि दात मिटायची वाट बघू लागले.

पद्माबाईनं तोंड उघडलं.

सोनाजींचा हात तिथंच थांबला.

"द्या की," ती म्हणाली.

त्यांनी घास दिला. तिनं सावकाश गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. अर्धी वाटी अशीच संपली. सोनाजींना काही उमगेना.

"आज कशी खाऊन राहिली? काही सांगितलं बी न्हाई म्या."

"भूक लागली."

"अन् रोज लागत नव्हती?"

"आधी न्हाई लागायची," पद्माबाई म्हणाली. थोडा दम खाऊन ती पुढं बोलू लागली. "गणपतीपुळ्याच्या टायमाला खरंच हसू आलं. मग थोडे दिवस गेले, भूक बी यायली. पर म्या पायलं, दात मिटले का तुमी जाता. कव्हा चिखलदरा, कव्हा कुठं. तोंड लाल व्हतं तुमचं, हात हालवता. अन् गुमान खाल्लं का भांडे घासायला जाता. मान खाली घालून. म्हून मिटून घ्यायचे."

 चमचा वाटीत ठेवावा की हातात, ते सोनाजींना कळेना.

"म्हंजे तुला हसू येत नव्हतं?"

"यायचं की. कव्हा कव्हा," ती म्हणाली, त्यांचं मन राखायला म्हणाली हे त्यांना कळलं. "रेल्वेचं बी मला ठावं व्हतं. जिवनबाईचा पोरगा जगन त्याच लायनीवर माती टाकायला हाय. तुमी लिवून राहिले व्हते तव्हाच तिनं सांगितलं, अंघोळ घालता घालता. पाकीट जायाचं व्हतं अजून."

"अगं मंग सांगायचं न्हाई का! लोकांत हसू झालं माझं!"

"कसं सांगू? शिट्टी मारून राहिले व्हते तुमी. लई दिवसानं." तिचा धड असलेला उजवा हात चादरीवरून सरकत येऊन त्यांच्या गुडघ्यावर पडला. "सांगितलं असतं तं उतरावं लागलं असतं तुमाला."

सोनाजींनी वाटी खाली ठेवली. रडू येत होतं आणि ते त्यांनी येऊ दिलं. आपण हिला फिरवतो आहोत या भ्रमात ते दोन वर्षं दमत होते, आणि ही बाजेवर पडल्या पडल्या, उपाशी राहून, त्यांना फिरवत होती. कंट्रोलर ते नव्हतेच. गाडी सोडणारी ही होती.

"उद्या खरंच जा," पद्माबाई म्हणाली. "जिवनबाई बसती माझ्यापाशी. हिंगोलीला जा, ती चिठ्ठी सोताच्या हातानं द्या. ठेसनावर जा, रूळ पाहा. लोकं पाहा. अन् येऊन सांगा, काय काय पायलं ते. बनवाबनवी न्हाई करायची."

सोनाजींनी खूप आढेवेढे घेतले. पडलीस तर, पाणी लागलं तर, फिट आली तर. सकाळी जिवनबाई आली ती दुधाची किटली ठेवून सरळ बाजेपाशी पाट घेऊनच बसली. "जावा बाबा," ती म्हणाली. "आमी दोघी बाया हावोत. तुमची काय गरज न्हाई हितं." तेव्हा त्यांनी धुवट सदरा घातला, चिठ्ठी खिशात चाचपली आणि दोन उन्हाळ्यांत पहिल्यांदा ते रस्त्यापर्यंत चालत गेले.

फुलसिंगचीच गाडी होती. "या साहेब!" तो ओरडला. पुढची, खिडकीजवळची जागा त्यानं एका पोराला उठवून रिकामी केली आणि साहेबांना बसवलं. सोनाजींनी ठरवलं होतं, एकही गोष्ट सोडायची नाही. बाळापूरचा बाजार, कळमनुरीचा स्टँड, कोण चढलं, कोण काय बोललं, सगळं डोळ्यांत भरून न्यायचं. खिडकीतून वारा आला. गाडीनं वेग घेतला. कुणी हाक मारणार नव्हतं, कुणाला कुशीवर वळवायचं नव्हतं.

"साहेब! साहेब, हिंगोली आली."

सोनाजींनी डोळे उघडले. गाडी रिकामी होती आणि फुलसिंग त्यांचा खांदा हलवत होता. बाळापूर गेलं होतं, कळमनुरी गेली होती, सगळं झोपेत गेलं होतं. ते ओशाळून खाली उतरले. आता तरी व्यंकटरावांकडं जायचं, मग ठेसन. त्याआधी घडीभर टेकावं म्हणून ते जुन्या ओळखीच्या बाकड्यावर बसले. वर भोंगा होता. कुणा नव्या पोराचा आवाज "प्रवाशांनी लक्ष द्यावं" म्हणत होता. आवाज जरा पातळ आहे, असं त्यांच्या मनात आलं, आणि तेवढंच आलं.

फुलसिंगनं त्यांना पुन्हा उठवलं तेव्हा परतीची गाडी लागली होती. "डेपोत हिशोब दिला, च्या घेतला, आलो, तरी तुमी घोरून राहिले," तो म्हणाला. "चला, ही चुकली तर रात होईल." सोनाजी घाईघाईनं चढले. खिडकीजवळ बसले. आता निदान येतानाचा रस्ता तरी बघायचाच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. त्यांना पुढं आठवतं ते एकदम डोंगरकड्याचंच.

घरी दिवा लागला होता. जिवनबाईनं कण्या शिजवून वाटी भरून ठेवली होती. ती तांड्याकडं गेली. सोनाजी हातपाय धुऊन, वाटी घेऊन बाजेपाशी बसले. पद्माबाईचे डोळे चमकत होते.

"सांगा. बाळापुरात काय पायलं?"

सोनाजी वाटीतल्या कण्या ढवळायला लागले.

"कळमनुरीत?"

"न्हाई पायलं."

"ठेसनावर तं गेले व्हते ना? रूळ?"

"न्हाई गेलो."

"व्यंकटराव काय म्हणला?"

सोनाजींनी खिशात हात घालून चिठ्ठी बाहेर काढली. घडी जशीच्या तशी होती. "न्हाई भेटलो," ते म्हणाले. "गाडीत बसलो अन् झोप लागली. हिंगोलीला उतरलो, बाकड्यावर बसलो, तं पुन्हा लागली. फुलसिंगानं उचलून गाडीत घातलं. तितं बी लागली. येवढं लांब जाऊन आलो पद्मे, अन् कायच पायलं न्हाई म्या."

पद्माबाई क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिली. मग तिच्या घशातून घुर्र असा आवाज आला. सोनाजी घाबरले, पण तो ठसका नव्हता. तिचा उजवा खांदा हलायला लागला, मग बाज हलायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, वाकडं तोंड आणखी वाकडं झालं, आणि "झोपला! कंट्रोलर झोपला!" एवढंच तिला कसंबसं बोलता आलं. अजिंठ्याच्या गाईडला झाडणाऱ्या बायांचं विचारून ती अशीच हसली होती. हे हसू सोनाजींच्या चांगलं ओळखीचं होतं. आणि गणपतीपुळ्याच्या त्या पहिल्या गमतीनंतर आपण ते एकदाही ऐकलेलं नाही, बाकीचं सगळं चमच्यापुरतं होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"ह्येच लिवा," ती धापा टाकत म्हणाली. "व्यंकटरावाला ह्येच द्या. लकव्यापासून. समदं खरं."

तिनं उजव्या हातानं त्यांच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली, उशीखाली सारली आणि पुन्हा हसत सुटली. हसताना तिचं तोंड चांगलं मोठं उघडलं होतं. सोनाजींच्या एका हातात वाटी होती, दुसऱ्या हातात भरलेला चमचा होता, आणि ते स्वतःच इतके हसत होते की चमचा तोंडाला लावायचं त्यांना सुचलंच नाही. कण्या निवून गेल्या.